घर गळलं पाहिजे

‘पॅरालाइव्ह्ज’ पुढे ढकलल्याची बातमी आली तेव्हा मी चिखलदऱ्याला आईबाबांच्या घरी दोन रजया अंगावर घेऊन बसले होते. हा गेम 8 डिसेंबर 2025 ला येणार होता. त्या आठवड्याची रजा मी महिनाभर आधी मंजूर करून घेतली होती. कारणाच्या रकान्यात ‘घरचं काम’ असं लिहिलं होतं, आणि ते तसं खोटंही नव्हतं. नवी तारीख आहे 25 मे 2026.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधली एक छोटी टीम 2019 पासून हा गेम बनवतेय. माणसं तयार करायची, त्यांना घर बांधून द्यायचं, ते सजवायचं आणि मग त्यात त्यांचं आयुष्य कसं चालतं ते बघायचं. ‘द सिम्स’ खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. पण पॅरालाइव्ह्जच्या घरबांधणीचे तपशील जसजसे बाहेर आले, तसतशी माझ्यासारख्यांची झोप उडाली. भिंत गोल वळवता येते. वस्तू चौकोनांच्या जाळीत बसवावी लागत नाही, कुठेही ठेवा. खिडकी ओढली की रुंद होते, टेबल ओढलं की लांब होतं. कशालाही हवा तो रंग. आणि वर कबुली अशी, की पुढची सगळी भर फुकट मिळेल, पैसे घेऊन पॅक विकणार नाही. मी यातला प्रत्येक व्हिडिओ पाहिलाय, काही दोनदा. मी फॅन आहे हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की या बाईला गेम आवडतच नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: त्या व्हिडिओंमधलं एकही घर गळत नाही. आणि न गळणारं घर सजवून सजवून आपण घराबद्दल चुकीचं शिकतो. मी शिकले. त्याची किंमत माझ्या आईनं मोजली.

०

चिखलदरा साधारण 1,100 मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात इथं ढग डोक्यावर नसतात, अंगणात असतात, आणि दार उघडं राहिलं तर घरात येतात. टुरिस्टांना हे फार आवडतं. ते दोन दिवस राहतात, मक्याची कणसं खातात, देवी पॉइंटला फोटो काढतात आणि परतवाड्याच्या बाजूला उतरून जातात. आम्ही त्या ढगात चार महिने राहतो.

आमचं घर कवेलूचं. बाबा आश्रमशाळेत शिक्षक होते, तेव्हा हळूहळू उभं केलेलं. पुढे सपरी, मधे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. या घरातली प्रत्येक वस्तू जिथं आहे तिथं का आहे याला कारण आहे, आणि बहुतेक कारणं पाण्याची आहेत. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय, कारण मागची भिंत ओल धरते. पलंग भिंतीला टेकलेला नाही आणि खोलीच्या मधोमधही नाही. तो तिरपा आहे, कारण छत दोन ठिकाणी टिपकतं आणि त्या दोन जागांच्या मधला कोरडा पट्टा तिरपाच आहे. पुस्तकं आणि आमच्या मार्कशीट चुलीच्या भिंतीला पाठ लावलेल्या फडताळात आहेत, कारण झडीच्या दिवसांत तीच एक भिंत कोरडी राहते. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी नाही. जून लागायच्या आत तिला बाहेरून बांबूच्या ताट्या बांधतात, कारण झड त्या बाजूनं येते. आणि एक जर्मनचं जुनं पातेलं आहे, ज्याला आमच्याकडे गंज म्हणतात. त्याची पावसाळ्यातली जागा ठरलेली आहे. लहानपणी आई अंधारात नुसत्या थेंबाच्या आवाजावरून सांगायची, की तो अर्धा भरलाय की रिकामा करायला उठावं लागेल.

म्हणजे आमच्या घराची सजावट गळतीनं केलेली आहे. हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त लाज वाटायची. अमरावतीला इंजिनिअरिंगला गेले, होस्टेलमध्ये एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर सिम्स पाहिला आणि पहिल्याच रात्री एक घर बांधलं. त्यात पलंग भिंतीला अगदी सरळ लावला. आठवतंय मला. तो सरळ पलंग बघून फार बरं वाटलं होतं.

मग नोकरी, पुणं, भाड्याचे फ्लॅट. करारात लिहिलेलं असतं, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मी अठ्ठावीस वर्षांची आहे, महिन्याला बरा पगार घेते, आणि ज्या भिंतीत राहते तिला आजवर एक खिळा ठोकलेला नाही. गेममध्ये मात्र तीनेकशे घरं बांधून झालीत. पुण्यात माझ्या वयाच्या किती जणांचं हेच चाललंय, मोजायची गरज नाही. तुम्ही हे ज्या खोलीत वाचताय तिची भिंत बघा.

तीन वर्षांपूर्वी, ऐन झडीत, मी आईला माझं सगळ्यात आवडतं घर दाखवलं. दरीकडे तोंड, एक अख्खी भिंत काचेची. तिनं चष्मा लावून नीट पाहिलं.

“घर त झकास हाये वं,” ती म्हणाली. “पन झड कोन्या बाजूनं येते याच्यात?”

मी हसले. म्हटलं, “येत नाही आई. आणि आली तर पाऊस बंद करता येतो.”

“मंग बरं हाये,” ती म्हणाली आणि गंज रिकामा करायला उठली.

०

त्याच वर्षी बोनस आला आणि मी आईसाठी खोली बांधायची ठरवली. घराच्या पश्चिमेला, कारण दरी तिकडून दिसते. वर स्लॅब. गवंड्याला मी व्हॉट्सॲपवर गेममधला स्क्रीनशॉट पाठवला. त्यानं फोन करून दोन प्रश्न विचारले: खिडकी एवढी मोठी ठेवायची का, आणि छज्जा किती काढायचा? मी म्हटलं, छज्जा नको, त्यानं लाइन बिघडते. पुढे तो काही बोलला नाही. पगारदार ताईंशी कोण वाद घालणार?

पहिल्या झडीत खिडकीच्या चौकटीतून पाणी आत आलं. जुलैत रंगाचे पापुद्रे सुटले. पोळ्यापर्यंत भिंतीवर काळी बुरशी पसरली होती, नकाशातल्या जिल्ह्यांसारखी. आई तीन रात्री तिथं झोपली आणि चौथ्या रात्री काही न बोलता आपलं अंथरूण त्या तिरप्या पलंगावर घेऊन गेली. आता त्या खोलीत दोरी बांधलीय. ओले कपडे आणि फाटे तिथं असतात. कोणी पाहुणा आला की ती अजूनही दार उघडून दाखवते, “हे पोरीनं बांधून देल्ली.” अभिमानानं सांगते. त्यापेक्षा तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुझी, गेमवर का ढकलतेस? खरंय. गेमनं कुठं सांगितलं होतं की यावरून घर बांध? पण दहा वर्षं रोज तासभर एखादी गोष्ट केली की हाताला आणि डोळ्याला वळण लागतं. माझ्या डोळ्याला वळण लागलं होतं की घर म्हणजे समोरून कसं दिसतं ते. भिंतीला बाहेरची बाजू असते, तिला दिशा असते, हे मी विसरले होते. आणि मी तर त्या भिंतीच्या आत वाढले होते.

०

गंमत अशी की या खेळाचा जन्म नेमका उलट ठिकाणी झाला. 1991 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली, त्यात विल राइट या गेम डिझायनरचं घर जळालं. पुन्हा संसार उभा करताना आपल्याला नक्की काय काय लागतं, याचा विचार त्याला करावा लागला. त्यातून 2000 साली ‘द सिम्स’ आला. सुरुवातीला तो वास्तुरचनेचा खेळ होता. आत फिरणारी छोटी माणसं यासाठी होती, की त्यांनी राहून बघावं आणि घर जमलंय की नाही ते सांगावं. म्हणजे माझी आई त्या खेळात मूळची होतीच. परीक्षक म्हणून!

राइटवर एका पुस्तकाचा प्रभाव होता: ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांचं 1977 चं ‘अ पॅटर्न लँग्वेज’. गाव, गल्ली, घर, खोली, खिडकी अशा उतरत्या क्रमानं 253 नमुने त्यात आहेत. खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा, असा त्यातला एक. हाच अलेक्झांडर त्याआधी गुजरातेत एका खेड्यात राहून गेला होता. 1964 च्या त्याच्या पहिल्या गाजलेल्या पुस्तकाच्या शेवटी एक भारतीय खेडं उदाहरण म्हणून घेतलंय आणि त्या खेड्याच्या 141 गरजांची यादी केलीय. यादीत घराचं दार दक्षिणेला नसावं हा नियम आहे, काही झाडं आणि काही पाणी पवित्र मानलं जातं ही नोंद आहे, आणि अगदी पहिली नोंद अस्पृश्यतेची आहे. मला ती यादी आवडते कारण ती गोड नाही. घर कुठं असेल, दार कुणीकडे उघडेल, विहीर कुणाची असेल, हे आपल्याकडे रंगाच्या चकतीवरून कधीच ठरलं नाही. जातीनं ठरलं, उतारानं ठरलं, वाऱ्यानं ठरलं. ज्याला घर समजून घ्यायचंय त्याला हे सगळं मोजावं लागेल, हे त्या माणसाला साठ वर्षांपूर्वी कळलं होतं.

तर धागा असा आहे: भारतीय खेडं, मग अलेक्झांडर, मग राइट, मग सिम्स, मग मी होस्टेलच्या खोलीत. या वाटेवर कुठंतरी खेडं गळून पडलं. उरला तो कॅटलॉग. परीक्षक असलेली माणसं गिऱ्हाईक झाली. सिम्समध्ये महागडा सोफा जास्त सुख देतो, ते आकड्यात लिहिलेलं असतं. ‘सिम्स 4’ ऑक्टोबर 2022 पासून फुकट मिळतो, पण त्याचे सगळे पॅक घ्यायचे म्हटले तर हजार डॉलरच्या वर जातात. पॅरालाइव्ह्जनं हे विकणं नाकारलं म्हणून मी त्यांच्या बाजूनं आहे. पण फुकट कॅटलॉग झाला तरी तो कॅटलॉगच. गोल भिंत देताय, द्या. तिच्या कोणत्या अंगावर पाणी आपटतं ते कधी सांगणार?

०

यावर मला नेहमी एकच उत्तर मिळतं: “अगं, दिवसभर बग निस्तरून आल्यावर गेममध्येही गळकं छत कशाला? तेवढं तरी सुख राहू दे.” हे उत्तर मी हलकं मानत नाही. ज्याला खिळा ठोकायची मुभा नाही त्याच्यासाठी हा खेळ औषध आहे. माझ्यासाठीही होता. शिवाय घर सजवायचा खेळ म्हटलं की पोरींचा, भातुकलीचा, म्हणून नाकं मुरडणारे अजून आहेत. सिम्स तयार होत असताना त्याच्याच कंपनीत ‘बाहुलीघर’ म्हणून ती मुरडली गेली होती. त्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. बंदूक घेऊन पळण्यापेक्षा खुर्ची कुठं ठेवावी याचा विचार करणं कमी दर्जाचं आहे, असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

पण अडचण असली की सुख जातं, हे मला मान्य नाही. पुरावा खेळांतच आहे. ‘अनपॅकिंग’ घ्या, 2021 चा. फोनवरही मिळतो. एका मुलीची खोकी आपण घरोघरी उघडत जातो. 2010 साली ती बॉयफ्रेंडच्या फ्लॅटवर राहायला जाते आणि तिच्या पदवीची फ्रेम लावायला भिंतीवर जागाच नसते. शेवटी ती पलंगाखाली सारावी लागते. एक शब्द न बोलता गेम सांगतो की हे घर तिचं नाही. तो खेळाडू लोक अजून विसरलेले नाहीत, आणि तो प्रसंग घडतो कारण घर नाही म्हणतं. ‘ॲनिमल क्रॉसिंग’मध्ये बरेच दिवस फिरकला नाहीत तर घरात झुरळं होतात. ‘हाउस फ्लिपर’मध्ये लोक तासन्‌तास दुसऱ्याच्या घरातली घाण काढतात आणि खूश होतात. सिम्सनंही डिसेंबर 2023 च्या ‘फॉर रेंट’मध्ये भिंतीवर बुरशी आणलीच, तीही जीवघेणी. मी ती बघून लॅपटॉप बंद केला होता, कारण त्याच पावसाळ्यात ती खरी पाहिली होती. पण तिथं बुरशी म्हणजे एक संकट, पुसलं की संपलं. ती कोणत्या भिंतीवर येईल आणि का, याचं घराच्या रचनेशी नातं जोडलं असतं तर मजा होती.

‘इनझोई’ पण घ्या. बीजीएमआयवाल्या क्राफ्टनचाच, मार्च 2025 मध्ये आलेला. त्यात फोटो टाकला की त्याची थ्रीडी वस्तू बनते. मी आईच्या गंजाचा फोटो टाकला. बऱ्यापैकी उतरला, पोचे सुद्धा. मग तो खोलीत ठेवला आणि लक्षात आलं की त्यात पडायला वरून काहीच येणार नाही. बाहेर पाऊस पडत होता, काचेवर सुंदर दिसत होता. गंज शोपीस झाला होता.

०

हे फक्त गेमपुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. चिखलदऱ्यात स्कायवॉकचं काम चाललंय, त्या आशेवर जो तो खोल्या काढतोय. नव्या बांधकामांकडे बघा: सपाट छत, पश्चिमेला काच, छज्जा नावापुरता. ती सगळी आधी कुणाच्या तरी फोनवर बांधली गेली आहेत. माझ्या खोलीसारखीच. ऑगस्टमध्ये त्यांच्या भिंतींवरही जिल्हे उमटतात, आणि दिवाळीआधी वरून नवा रंग मारतात.

उलट मेळघाटातलं जुनं कोरकू गाव बघा. एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या ओळी, बांबूचे कूड, त्यावर मातीचा गिलावा. पावसानं धुतलेली भिंत सणाआधी पुन्हा पोतारायची. तिथं सजावट आणि दुरुस्ती ही दोन कामं नाहीत. मी याला स्वर्ग म्हणत नाही. पोतारणारे हात बायकांचेच असतात आणि त्यांना कुणी विचारून ते काम दिलेलं नसतं. पण त्या भिंतीला माहीत असतं की ती कुठं उभी आहे.

गेममध्ये अख्खं घर उचलून दुसऱ्या प्लॉटवर ठेवता येतं. एक क्लिक. मेळघाटच्या गाभ्यातली बोरी, कोहा, कुंड ही गावं या शतकाच्या सुरुवातीला उचलून खाली अकोटच्या सपाटीवर आणली. नंतर आणखी गावं आली, आणि त्यातल्या काही गावांतले लोक परत जंगलातल्या जुन्या जागी जाऊन बसले. का, याची उत्तरं बरीच आहेत: जमीन, रोजगार, दवाखाना. पण ‘घर तर दिलं ना’ असं म्हणणाऱ्यांना घर म्हणजे उचलून ठेवायची वस्तू वाटते, एवढं मला ऐकू येतं. मलाही तसंच वाटत होतं.

०

म्हणून फॅन म्हणून माझी मागणी आहे, आणि इंजिनिअर म्हणून सांगते की ती अवघड नाही. हे गेम ऊन कुठून येतं आणि कुठल्या फरशीवर पडतं याचा हिशोब आधीच करतात, तोही प्रत्येक क्षणाला. तसाच एक आकडा भिंतीच्या प्रत्येक तुकड्याला द्या: ओल. पावसाला दिशा द्या. छज्जा काढला तर आकडा कमी वाढू द्या, चूल जवळ असली तर उतरू द्या. मग कपाट चार बोटं पुढे ओढायचं की नाही, ते खेळणाऱ्याला ठरवू द्या. कोणाला कवेलूचं छत वाटलं तर त्यावरून वानरं उड्या मारू द्या. आणि घरात एक असं माणूस ठेवा जे तीन रात्री राहील आणि चौथ्या रात्री न बोलता अंथरूण उचलेल. ज्यांना हे नको त्यांना बंद करायचं बटण द्या, माझी हरकत नाही. पण सुरू करायचं बटण तरी असू द्या.

तेव्हा मला खरं स्वातंत्र्य मिळेल. पलंग तिरपा ठेवायचं, आणि तो तिरपा का आहे ते माहीत असायचं.

25 मे ची रजा मी टाकलीय. कारण पुन्हा ‘घरचं काम’. आईला फोनवर तारीख सांगितली तर ती खूश झाली. मेच्या शेवटी आमच्याकडे कवेलू फेरायचे असतात. वानरांनी फोडलेले काढायचे, सरकलेले बसवायचे, झड लागायच्या आत. बाबांना आता वर चढवत नाही. गवंड्यालाही बोलावलंय, त्या खोलीची खिडकी निम्मी बुजवायला आणि वर दोन फूट छज्जा काढायला. या वेळी स्क्रीनशॉट पाठवलेला नाही. त्याला म्हटलं, तुम्ही सांगा किती काढायचा.

गेम मी रात्री खेळेन. खेळणार तर आहेच.